कडकडीत पाणी

३ जानेवारी
मीटर ४१३८.२

तारा बनवणाऱ्या कंपनीकडून मी कामाला आहे त्या दुकानात दरवर्षी एक डायरी येते. मालक ती मला देतात. म्हणतात, "अक्षर तुझं, डायरी तुझी. माझं लिहिलेलं मलाच वाचता येत नाही." गेल्या वर्षीच्या डायरीत मी फक्त मीटरचे आकडे लिहिले. ही सवय बाबांची. ते वायरमन होते. रोज सकाळी दात घासत मीटरसमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "घरात काय चाललंय ते मीटर सांगतं. माणसं सांगत नाहीत." बाबांना जाऊन सहा वर्षे झाली. आकडे मी लिहितो.

आईला दवाखान्यातून घरी आणून आज तीन दिवस झाले. पोटाचे ऑपरेशन होते. डॉक्टरांनी उघडून पाहिले आणि आत काही करण्यासारखे नाही म्हणून पुन्हा टाके घातले. अर्ध्या तासात बाहेर आले. ताई दवाखान्याच्या जिन्यात बसून खूप रडली. इतके दिवस जीव टांगणीला लागला होता, सुटल्यावर रडू येतेच.

आईला थंडी फार वाजते. दोन रजया घेऊनही पाय गार. अंघोळीचे पाणी मी गॅसवर तापवतो आणि पातेले फडक्याने धरून न्हाणीघरात नेतो. चौदा पावले आहेत. आज ती बसेपर्यंत पाणी निवले. म्हणाली, "अख्ख्या गल्लीच्या न्हाणीघरात तुझ्या बाबांनी गिझर लावले आणि आपल्या घरात पातेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

मग थोड्या वेळाने, "नळ सोडला की कडकडीत पाणी. एवढं एक सुख बघायचं राहिलंय बघ."

५ जानेवारी
मीटर ४१४१.०

ताई आली. टेंपोतून तिचा जुना गिझर घेऊन आली. पंधरा लिटरचा आहे. भाऊजींनी मोठा नवीन घेतला. हा बंद का केला विचारले, तर म्हणाली, "एकदा टाकीत पाणी नव्हतं आणि हा तसाच तापत राहिला. तेव्हापासून ह्यांचं मन उडालं. शिवाय वीज खातो म्हणतात, राक्षसासारखी."

चार दिवस राहणार आहे. बॅगा मात्र दोन आणि वर स्वतःची उशी. ताईचा बाडबिस्तारा नेहमीच जास्त असतो.

आईने गिझरवर हात फिरवला, भाजीवालीकडे भोपळा पारखतात तसा. म्हणाली, "हा लाव. तू लाव."

मी म्हणालो, चांगला वायरमन बघतो.

"बाहेरचा कशाला? वायरमनच्या घरात वायरमन बोलावतात होय?"

मी वायरमन नाही. मी पंपांच्या मोटारी भरतो. जळलेल्या मोटारीची जुनी तार काढायची, नवी तार वेढे मोजून भरायची. त्यात वीज नसते. वीज नंतर मालक जोडतात, तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहतो.

६ जानेवारी
मीटर ४१४२.४

गिझर सायकलला बांधून दुकानात नेला. कॉइल काढली, व्हिनेगरमध्ये बुडवून खरवडली, बोटभर पांढरा थर निघाला. कॉइल तुटली नाही ना, हे तपासणीच्या तारा तिच्या दोन टोकांना लावून पाहिले. ठीक आहे. मग मेगर नावाच्या यंत्राने तपासले, म्हणजे कॉइलमधली वीज बाहेरच्या पत्र्यात उतरते का ते. काटा अगदी टोकाला गेला. उतरत नाही. तीनदा पाहिले.

मालक म्हणाले, "तीनदा पाहून काटा काय लाजेल का?"

मी म्हणालो, पत्र्यात उतरली तर माणूस जातो.

मालकांनी मेगर पेटीत ठेवला. त्यांना माहीत आहे. बाबा एका घरी गिझर बघायला गेले होते. पत्र्यात वीज उतरली होती आणि त्या घराला अर्थिंग नव्हती. अर्थिंग असेल तर उतरलेली वीज हिरव्या तारेने जमिनीत जाते. नसेल तर वाट पाहते. बाबांचा हात लागेपर्यंत ती वाट पाहत राहिली. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. मला शाळेतून बोलावून नेले.

८ जानेवारी
मीटर ४१४५.२

आज बाबांची पिशवी उघडली. पक्कड, टेस्टर, काळी चिकटपट्टी (वाळून दगड झालेली) आणि त्यांचा तपासायचा बल्ब. होल्डरला दोन तारा आहेत. एक चालू तारेला लावायची, एक अर्थिंगला. अर्थिंग नीट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो.

न्हाणीघराबाहेरच्या बोर्डाला लावून पाहिले. बल्ब पेटला नाही.

बल्ब बदलला. पेटला नाही. हातमोजे घातले, खाली लाकडी पाट घेतला, पुन्हा लावला. नाही.

हिरव्या तारेचा माग काढत जिन्याखाली गेलो. बाबांनी ती पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधली होती. त्यांची गाठ ओळखू येते, तीन वेढे आणि शेपूट आत दुमडलेले. पूर्वी सगळेच तसे करायचे. पाइप जमिनीत जातो, त्याच्यासोबत वीजही जाते. पण दोन वर्षांपूर्वी प्लंबरने पाइप बदलले. लोखंडाचा वीतभर तुकडा उरला आहे, वर प्लास्टिक, खाली प्लास्टिक. बाबांची गाठ त्या तुकड्याला तशीच आहे, घट्ट.

म्हणजे दोन वर्षे ह्या घराला अर्थिंग नाही. आणि आम्ही इस्त्री करत होतो.

१० जानेवारी
मीटर ४१४८.०

ताईने माझ्याशी भांडण केले. म्हणाली, "अरे, लोकं अर्थिंगशिवाय आयुष्य काढतात. जोडून टाक ना एकदाचं!"

मी म्हणालो, खड्डा खणून नवीन अर्थिंग केल्याशिवाय जोडणार नाही.

"किती दिवस लागतील?"

"घाईने होत नाही हे."

ती काहीतरी बोलणार होती. आईने आतून हाक मारली, "त्याला करू दे गं. त्याच्या पद्धतीने करू दे."

ताई पदराने नाक पुसत स्वयंपाकघरात गेली. तिला सर्दी झाली आहे. घरात सगळ्यांनाच थंडी बाधते आहे.

१२ जानेवारी
मीटर ४१५०.८

खड्डा खणला. खालच्या मजल्यावर शिंपीकाका राहतात. त्यांच्या मागच्या दारी जागा आहे. विचारायला गेलो तर म्हणाले, "खण बाबा. खजिना लागला तर अर्धा माझा. मढं निघालं तर पूर्ण तुझं."

चार फूट खणायला सकाळचे दहा ते दुपारचे तीन लागले. मध्ये लोखंडी पाइप उभा केला. त्याच्याभोवती कोळशाचा थर, मग मिठाचा, मग पुन्हा कोळशाचा. मीठ ओल धरते आणि ओल वीज नेते. आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत ताईने आईला खुर्ची टाकून दिली होती. ती वरून सूचना करत होती.

"मीठ बेताचं घाल रे!"

"हे खायचं नाहीये आई."

"तरी चव बघ. तुझा हात खारट आहे."

शिंपीकाका हसून हसून खोकले. मला म्हणाले, "आमच्या धंद्यात सांगतात, सात वेळा माप आणि एकदा काप. तू मापतोस सात वेळा, पण कात्री कुठाय?"

हिरवी तार भिंतीला क्लिपा मारून वर नेली. वीतभर अंतरावर एक क्लिप, एकूण एकवीस. आईने मोजल्या. म्हणाली, "ओळंबा लावल्यासारखी सरळ आहे. तुझ्या बाबांची जरा वाकडी यायची. मी त्यांना कधी बोलले नाही."

१३ जानेवारी
मीटर ४१५२.२

बल्ब लावला. पेटला! पण पूर्ण नाही. खोलीतल्या बल्बपेक्षा किंचित पिवळा.

मालकांना बोलावले. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "झकास आहे. जोड."

मी म्हणालो, पिवळा आहे.

"कावीळ तुझ्या डोळ्यांना झालीये."

खड्ड्यात रोज बादलीभर पाणी घालायचे ठरवले. माती मुरली की बल्ब उजळेल. आई खिडकीतून म्हणाली, "झाड लावल्यासारखं पाणी घालतोस. काय उगवणार त्यातून?"

"काही नाही."

"मग बरंय. राखण नको."

१५ जानेवारी
मीटर ४१५५.०

आज डॉक्टर घरी येऊन गेले. सहा गोळ्यांपैकी चार बंद केल्या. म्हणजे सुधारणा आहे. मी आईला तसे म्हणालो. ती म्हणाली, "आहेच की. सहाचे दोन झाले. उद्या तेही जातील." डॉक्टरांनी ताईला जिन्यापर्यंत बोलावून काही पथ्य सांगितले. काय ते ताईने मला सांगितले नाही, विसरली असेल. आईला काय हवे ते खायला द्यायला मात्र परवानगी आहे.

भूक फारशी नाही. खुर्चीतही जास्त वेळ बसवत नाही. ताई ओल्या फडक्याने अंग पुसते. बल्ब अजून किंचित पिवळाच.

१७ जानेवारी
मीटर ४१५७.८

आईने मला जवळ बसवले. उशाखालून एक घडी घातलेला कागद काढला. माझा नववीच्या परीक्षेचा पेपर. मला वाटले होते तो केव्हाच रद्दीत गेला.

"वाच," म्हणाली.

आठ प्रश्न होते. मी तीन सोडवले होते. तिन्ही बरोबर, एक चूक नाही, एक खाडाखोड नाही. खाली सरांनी लिहिले होते, 'सुंदर. पण अपूर्ण.' त्यानंतर बाबा गेले आणि मी शाळेत गेलो नाही.

"बाकीचे पाच प्रश्न तुला येत नव्हते?"

"येत होते."

"मग?"

"वेळ संपला."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. कागदाची पुन्हा तीच घडी घातली आणि उशाखाली ठेवला.

मी म्हणालो, उद्या जोडतो.

ती म्हणाली, "बटण तू दाबायचंस. ताईने नाही, मालकांनी नाही."

१८ जानेवारी
मीटर ४१५९.२

झाले. क्रमाने लिहितो.

गिझर न्हाणीघराच्या भिंतीला बसवून पाण्याच्या नळ्या जोडल्या. मेन बंद केला. गिझरच्या तारा घट्ट केल्या, लाल, काळी, हिरवी. ओढून पाहिल्या. दोन्ही नळ उघडून टाकी भरल्याची खात्री केली. मेन चालू केला. न्हाणीघराबाहेरच्या बोर्डासमोर पाट घेऊन उभा राहिलो. आईला ताईने खोलीच्या दारापर्यंत आणून खुर्चीत बसवले होते. मी डोळे मिटून बटण दाबले.

काही झाले नाही. म्हणजे वाईट काही झाले नाही. डोळे उघडले तर गिझरचा लाल दिवा लागला होता.

"लागला की!" आई म्हणाली. लहान मुलीसारखे म्हणाली.

टेस्टरने गिझरचा पत्रा पाहिला. वीज नाही. नळ पाहिला. नाही. बाबा करायचे तसा हाताचा पालथा पंजा पत्र्याला लावला. काही नाही. वीस मिनिटे थांबलो, बटण बंद केले, बादलीत पाणी सोडले आणि टेस्टरचे टोक पाण्यात बुडवले. दिवा लागला नाही. पुन्हा बुडवले. नाही. तेव्हा कुठे म्हणालो, आता जा.

ताईने आईला धरून आत नेले आणि दार लावले. मी बोर्डाजवळ उभा राहिलो, कोणी चुकून बटण दाबू नये म्हणून. आत पाणी पडल्याचा आवाज आला. मग ताईचा "अगं" असा आवाज आला आणि लगेच थांबला. मग आई मोठ्याने म्हणाली, "कडकडीत आहे रे! भाजेल एवढं कडकडीत!"

लवकर बाहेर आली. दात वाजत होते. ताई म्हणाली, गरम पाण्यातून एकदम गारठ्यात आले की होते तसे. आईने गार हाताने माझा गाल धरला. म्हणाली, "पेपर पुरा झाला."

मी नियमांचा कागद लिहून न्हाणीघराच्या दाराला चिकटवला. एक, वीस मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नये. दोन, बटण बंद केल्याशिवाय आत जाऊ नये. तीन, ओल्या हाताने बोर्डाला हात लावू नये.

मी स्वतः वापरणार नाही. मला गार पाण्याची सवय आहे. हा आईचा आहे.

१९ जानेवारी
मीटर ४१६०.६

मीटर रोजच्याएवढाच वाढला, १.४. भाऊजी उगाच गिझरला राक्षस म्हणतात. चांगला जोडला की कमी खातो. मालकांना सांगितले तर ते म्हणाले, "असं कसं होईल?" मी म्हणालो, सगळे सांधे घट्ट आहेत. त्यांनी मान हलवली.

२२ जानेवारी
मीटर ४१६४.८

आईला रोज गिझर हवा. दुकानात जाण्याआधी मी बटण दाबतो, वीस मिनिटांनी बंद करतो, आणि ताई तिला नेते. आत असली की आई मला ओरडून सांगते, "आज कालच्यापेक्षा गरम!" आज खरोखरच दाराखालून वाफ आली.

ताईने ओट्यावर मोठे पातेले ठेवले होते, अंघोळीचे जुने. एवढे आधण कशाला, विचारले. म्हणाली, "तेलकट भांडी आहेत." दोन पोळ्या आणि वरणाची भांडी कितीशी तेलकट होणार? पण ताईला स्वच्छतेचे वेड पहिल्यापासून आहे.

२४ जानेवारी
मीटर ४१६७.६

शिंपीकाकांनी आईला पाहायला येताना लोकरीचे मोजे आणले, स्वतः शिवलेले. म्हणाले, "वहिनी, माप न घेता शिवलेत. चुकले तर पाय कापून बसवू."

आई म्हणाली, "कापा. कुठे जायचंय आता चालत!"

दोघे हसले. काका जिना उतरताना मधेच थांबले होते. मी वरून विचारले, काय राहिले का? म्हणाले, "नाही रे. पायरी विसरलो."

२६ जानेवारी
मीटर ४१७०.४

सिलेंडर संपला. दहा दिवस आधीच. ताईला गॅसचा अंदाज नाही. मी तिला बोललो, तर ती उलट बोलली नाही. असे कधी होत नाही.

खड्ड्याला पाणी घातले. बल्ब लावून पाहिला, आज अगदी पांढरा आहे. आईला सांगायला आत गेलो, ती झोपली होती. ताई म्हणाली, जागी झाली की सांगते.

२७ जानेवारी
मीटर ४१७१.८

आज अंघोळ पलंगावरच. ताईने पाणी आणले, मी परातीखाली टॉवेल धरला. आईचे पाय पाण्यात ठेवले. तिने डोळे मिटले. मग मला म्हणाली, "तू लावलास ना?"

"हो."

"मग झालं."

मी विचारले, पाणी बरोबर आहे ना? तिने मान हलवली. ताई तोंड फिरवून टॉवेल शोधत होती. टॉवेल माझ्या हातात होता.

२९ जानेवारी
मीटर ४१७४.६

आई दुपारी गेली. सव्वातीन.

सकाळी मी बटण दाबले होते. वीस मिनिटांनी बंद केले होते.

२ फेब्रुवारी

आकडा लिहिला नाही. चार दिवसांचे राहिले आहेत.

५ फेब्रुवारी
मीटर ४१८४.४

सगळे नातेवाईक गेले. ताई उद्या जाणार.

मला दोन दिवस अंगात कसर आहे. आज सकाळी गार पाणी अंगावर घेववेना. गिझरचे बटण दाबले. लाल दिवा लागला. वीस मिनिटे मोजली, बंद केले, आत गेलो, नळ सोडला.

पाणी गार होते.

वाटले, नळ चुकला. दुसरा सोडला. तोही गार. बाहेर आलो, पुन्हा वीस मिनिटे लावली. लाल दिवा लागलेला. पुन्हा पाहिले, गार. कपडे घालून बाहेर येऊन बसलो आणि डायरी उघडली. अठरा तारखेपासून वाचली. दात वाजत होते. मीटर रोजच्याएवढाच. मोठे पातेले. वाफ. सिलेंडर दहा दिवस आधी.

सगळे मीच लिहून ठेवले आहे. स्वच्छ अक्षरात.

ताई समोर येऊन उभी राहिली. माझ्या ओल्या केसांकडे पाहिले, मग न्हाणीघराच्या दाराकडे. खाली बसली.

"कधीपासून?" मी विचारले.

"पहिल्या दिवसापासून. बर्फासारखं होतं. मी ओरडणार होते, तर तिने ओल्या हाताने माझं तोंड दाबलं. दोन तांबे घेतले तिने अंगावर, गार, आणि वर तुला ओरडून सांगितलं."

"मला सांगायचं नाही?"

"तीच म्हणाली नको. म्हणाली, तो परत खड्ड्यापासून सुरुवात करेल. दहा दिवस लावेल. आणि तेवढे माझ्याकडे नाहीत."

"म्हणजे तिला माहीत होतं?"

ताईने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तुला नव्हतं?"

मला उत्तर येते. लिहायला मात्र वेळ लागेल.

ताई म्हणाली, "आई मला सांगायची, तो खड्ड्याला पाणी घालायला उतरला की पातेलं आत ने, आणि तो आला की आधी नळ सोड, त्याला आवाज जाऊ दे. त्याने डोळे मिटून का होईना, बटण दाबलं. त्याला आता नाट लावू नकोस."

६ फेब्रुवारी
मीटर ४१८५.८

सकाळी मेन बंद करून गिझरचे खालचे झाकण उघडले. कॉइल चांगली आहे. तारा घट्ट आहेत. त्यांच्या मध्ये एक चपटी डबी असते. गिझर फार तापला तर ती वीज तोडते. तिच्या मधोमध शेंगदाण्याएवढे लाल बटण आहे. ताईच्या घरी तो कोरडा तापला तेव्हा ते बाहेर आले असणार. ते आत दाबेपर्यंत दिवा लागतो, पण कॉइलपर्यंत वीज पोचत नाही.

मी हे शिकलो आहे. मला येते. पण मी वीज पत्र्यात उतरते का एवढेच पाहत होतो. कॉइल पाहिली, पत्रा पाहिला, पाइप, खड्डा, मीठ, बल्ब, टेस्टर पाण्यात दोनदा बुडवला. बोट बुडवले नाही.

पेचकसाच्या टोकाने बटण दाबले. टक् आवाज आला. बस, एवढेच.

ताई बॅगा भरून दारात उभी होती. विचारले, "सापडलं काय बिघडलं होतं ते?"

"हो."

"किती वेळाचं काम होतं?" सहज विचारल्यासारखे विचारले, पण बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. मला कळले ती काय विचारते आहे. सांगितले असते तर पुढची किती वर्षे तिने ते पातेले उचलले असते कोणास ठाऊक.

मी म्हणालो, "कॉइल आतून गेली होती. कंपनीतून मागवावी लागली असती. महिना तरी."

"म्हणजे तेव्हा नसतंच झालं?"

"नसतंच झालं. तुझ्या पातेल्यानेच झालं जे काय झालं ते."

तिने श्वास सोडला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाली. खाली शिंपीकाकांनी तिची उशी रिक्षात ठेवून दिली.

ह्या डायरीत आजवर खोटे लिहिले नव्हते. आजही लिहिलेले नाही. बोललो तेवढेच.

ती गेल्यावर गिझर लावला. वीस मिनिटे. बंद केला. नळ सोडला आणि हात खाली धरला. आधी गार आले, मग कोमट, मग काढून घ्यावा लागला इतके कडकडीत. पुन्हा धरला.

मग खाली जाऊन खड्ड्याला पाणी घातले.

७ फेब्रुवारी
मीटर ४१८७.९

आज २.१ वाढला.